घरच्या दप्तराची नवी कोठी

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या परिचयाच्या बऱ्याच घरांतून एक नवाच विषय जेवणाच्या पंक्तीला निघूं लागला आहे. घरांतील छायाचित्रें, मुलांचीं प्रशस्तिपत्रकें, घराचें खरेदीखत, वडिलांच्या औषधोपचाराचे कागद हें सारें दूरच्या एखाद्या कंपनीच्या कोठारांत ठेवावयाचें, कीं आपल्याच घरांतील यंत्रावर ठेवून तेथून सर्व आप्तांस पाहतां येईल अशी सोय करावयाची, हा तो विषय. बोलणारा बहुधा घरांतला विशी-पंचविशीचा मुलगा असतो आणि ऐकणारी वडील मंडळी 'कर बाबा काय तें' असें म्हणून ताकभाताकडे वळते. आम्हींही असेंच म्हटलें होतें. त्याचें मोल आम्हांस काय पडलें तें येथें सांगावयाचें आहे. आणि इतकें होऊनही तें यंत्र आम्ही बंद कां केलें नाहीं, तेंही.

आमचें कुटुंब एकत्र म्हणावयाचें तें मनानें. पुण्यास आम्ही, आमचे चिरंजीव व सूनबाई. थोरले बंधु व वहिनी नाशिकास. वडील भगिनी, जिला सारे अक्का म्हणतात, ती साताऱ्यास. आणि तिची मुलगी अमेरिकेंत. बंधूंचा मुलगा शिक्षणासाठीं आमच्याकडे असतो. चुली चार, परंतु कुळधर्म एक आणि दप्तरही एक. आमच्या वडिलांनीं जपून ठेवलेलीं सुमारें चारशें पत्रें एका पत्र्याच्या ट्रंकेंत आहेत. मराठी घरांस दप्तराचें महत्त्व निराळें सांगावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 1898 सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड बाहेर काढला, तो कोणाच्या तरी घरांत पडून असलेल्या कागदांच्या बळावर. जे रुमाल त्यांच्या आधीं वाळवीनें आणि ओलीनें गांठले, त्यांची मोजदाद कोण करणार?

पत्रांबरोबर दुसराही एक ठेवा आमच्यापाशीं होता. आमच्या मातोश्रींच्या आवाजाचीं चौदा ध्वनिमुद्रणें अक्कानें 2019 च्या हिवाळ्यांत आपल्या मोबाइलवर करून घेतलीं होतीं. कांहींत जात्यावरच्या ओव्या, कांहींत मंगळागौरीचीं गाणीं, आणि मधून मधून त्यांच्या बाळपणच्या कोंकणांतल्या घराच्या हकीकती. पुढें वर्षभरांतच मातोश्री निवर्तल्या.

2021 च्या जूनपासून गूगल कंपनीनें छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण बंद करून तीं सर्वसाधारण 15 गिगाबाइटांच्या मर्यादेंत मोजावयास आरंभ केला. यांत कंपनीचा दोष काढण्याचें कारण नाहीं. दुसऱ्याच्या ओसरीवर सामान ठेवलें तर ओसरीचा नियम त्याचा. परंतु तेव्हांपासून आमचा पुतण्या आपली स्वतःची कोठी करावी म्हणून मागें लागला, आणि त्या दिवाळींत त्यानें एका जुन्या कचेरीच्या संगणकावर ती उभी केली. दोन चकत्या बसविल्या, एकीवर लिहिलें जाईल तें दुसरीवरही लगेच उमटावें अशी जोडणी केली, आणि नेक्स्टक्लाउड नांवाचा प्रोग्रॅम त्यावर चालविला.

या प्रोग्रॅमची कुळकथा थोडक्यांत अशी. फ्रँक कार्लिचेक या जर्मन गृहस्थानें 2010 सालीं ओनक्लाउड नांवाची योजना मांडली. आपल्या फाइली आपल्याच सर्व्हरवर ठेवाव्या, आणि कोठूनही त्या पाहण्याची व दुसऱ्यास देण्याची सोय मात्र मोठ्या कंपन्यांसारखीच असावी, हा तिचा हेतु. 2016 सालीं ते व त्यांचे कित्येक सहकारी तेथून निघाले व त्यांनीं त्याच मुळावर नेक्स्टक्लाउड उभें केलें. त्याची घडण सर्वांस पाहावयास खुली आहे व वापरण्यास मूल्य पडत नाहीं. 2018 सालीं जर्मनीच्या मध्यवर्ती सरकारनेंही आपल्या कारभारासाठीं याचीच निवड केली. तेव्हां हा कांहीं पोरखेळ नव्हे.

खरी गोम प्रोग्रॅमांत नव्हती. तो ज्या 'कंटेनर'मध्यें चालविला होता, त्या शब्दांत होती.

कंटेनर म्हटला कीं गोदीवरची लोखंडी पेटी डोळ्यांपुढें येते. 26 एप्रिल 1956 रोजीं 'आयडियल एक्स' नांवाचें जहाज अशा 58 पेट्या घेऊन अमेरिकेंतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालें, आणि जगाच्या व्यापाराची रीत पालटली. पेटींत कांदे आहेत कीं यंत्रें आहेत, हें यारीला विचारावें लागत नाहीं; सर्व पेट्यांचा आकार एक. 1989 सालीं सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरावर हा देखावा आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. हीच कल्पना संगणकांत आणणारें 'डॉकर' नांवाचें साधन 2013 सालीं लोकांपुढें आलें. प्रोग्रॅमला जें जें उपसाहित्य लागतें तें सर्व एका बंद साच्यांत भरून ठेवावयाचें, आणि त्या साच्यावरून हव्या त्या यंत्रावर तोच प्रोग्रॅम क्षणांत उभा करावयाचा. साचा बदलत नाहीं. त्यावरून काढलेला कंटेनर चालतो, थांबतो, मोडतो, पुन्हां काढतां येतो. मोदकाचा साचा आणि मोदक यांत जो भेद, तोच येथें.

एकाच यंत्रावर असे अनेक कंटेनर एकमेकांस न दिसतां कसे नांदतात, हें ज्यांनीं पुण्याचे वाडे पाहिले आहेत त्यांस सहज कळेल. प्रत्येक बिऱ्हाडास आपल्या दोन खोल्या म्हणजेच सारें घर वाटतें. कोणी किती पाणी भरावें, हें वाड्याचा मालक ठरवितो. लिनक्समध्यें ही वाटणी त्याच्या गाभ्याकडे असते, आणि तिची पहिली पुसट रेघ 1979 च्या युनिक्समध्येंही सांपडते. मात्र वाड्याचा पाया एकच असतो, हें विसरूं नये. निराळा बंगला बांधल्याची सुरक्षितता बिऱ्हाडास येत नाहीं, आणि पायासच तडा गेला तर सारींच बिऱ्हाडें हालतात. म्हणून लिनक्सच्या सुधारणा वेळच्या वेळीं चढविण्याचा आळस करतां कामा नये.

आतां घात कसा झाला तो ऐकावा. गोदीवरच्या पेटींत माल असतो. मोल मालाचें असतें आणि पेटी कशीही जपून उघडली जाते. संगणकाच्या कंटेनरमध्यें माल ठेवावयाचाच नसतो! त्यांत फक्त कारागीर व त्याचीं हत्यारें. माल बाहेर, यंत्राच्या चकतीवर, नांव घालून ठेवावयाचा आणि कंटेनरला तेवढा त्याचा दरवाजा दाखवावयाचा. डॉकरच्या भाषेंत या बाहेरच्या जागेस 'व्हॉल्यूम' म्हणतात. तुम्ही असें नांव दिलें नाहीं, तर नेक्स्टक्लाउडचा ठराविक साचा आपणच एक निनांवी व्हॉल्यूम काढवून घेतो, आणि सर्व कांहीं सुरळीत चालल्यासारखें दिसतें. आमच्याकडे अकरा महिने तें तसें दिसलें. अक्कानें मातोश्रींचीं चौदाही ध्वनिमुद्रणें कोठींत चढविलीं, 'आतां घरांतच आहेत' म्हणून निश्चिंत मनानें मोबाइलवरून पुसलीं, आणि पुढें तो मोबाइलही बदलला.

2022 च्या भाद्रपदांत पुतण्यानें नवी आवृत्ति चढविण्यासाठीं जुना कंटेनर काढून टाकला व नवा उभा केला. नव्या कंटेनरनें आपल्यासाठीं दुसरा निनांवी व्हॉल्यूम घेतला. पडद्यावर काय आलें? जणूं आजच वास्तुशांति झालेलें रिकामें घर! 'व्यवस्थापकाचें नांव लिहा' एवढीच पाटी. वस्तुतः जुना व्हॉल्यूम त्या वेळीं चकतीवर धडधाकट होता. त्यास कंटेनरचा हात सुटला होता, इतकेंच. पण रात्रीचे अकरा वाजलेले, मुलगा घाबरलेला. त्यानें पुनः पुनः नवे कंटेनर काढून पाहिले, तेव्हां चकतीवर जागा नाहीं असा ओरडा यंत्रानें केला. आम्ही शेजारींच बसलों होतों. आम्हींच म्हटलें, 'बिनवापराचें असेल तें काढून टाक, जागा मोकळी कर.' त्यानें तशी आज्ञा दिली. कोणत्याही कंटेनरास न जोडलेले सर्व व्हॉल्यूम कायमचे जातील, चालेल काय, असें यंत्रानें विचारलेंही. आम्हीं मान हालविली.

आरशासारख्या जोडलेल्या दोन चकत्यांचा येथें कांहींएक उपयोग झाला नाहीं, हें मुद्दाम सांगतों. कारण त्या जोडणीवर पुष्कळांचा भाबडा भरंवसा असतो. एक चकती बिघडली तर दुसरी कामास येते, हें खरें. परंतु आरशापुढें उभें राहून आपण कपाळ पुसलें तर आरशांतलें कुंकूही पुसलें जातें. एका माहितगाराकडून पुसलेलें परत मिळविण्याचा प्रयत्न करविला. हातीं कांहीं लागलें नाहीं. छायाचित्रें बहुतेक ज्याच्या त्याच्या मोबाइलवरून पुन्हां जमलीं. पत्रें ट्रंकेंत होतींच. अक्का व पुतण्या यांनीं दोन सुट्या खर्चून त्यांच्या प्रतिमा पुन्हां घेतल्या. ध्वनिमुद्रणांपैकीं तीन अक्कानें पूर्वीं आपल्या मुलीस संदेशांतून धाडलीं होतीं, म्हणून तीं अमेरिकेहून परत आलीं. अकरा गेलीं.

घरांत आठ दिवस कोणी कोणाशीं नीट बोललें नाहीं. पुतण्या तर जेवणासही येईना. अक्कानें मात्र साताऱ्याहून फोन केला व त्यास म्हणाली, 'अरे, मी पुसलीं नसतीं तर हें झालें असतें का? आतां पुन्हां मांड, आणि मला समजेल असें मांड.' कोठी पुन्हां उभी राहिली ती या एका वाक्यावर.

दुसरी मांडणी कशी केली तें ज्यांस करावयाचें असेल त्यांच्यासाठीं थोडें खुलाशानें देतों. सर्व रचना आतां एका पानाच्या साध्या मजकुरांत लिहिलेली आहे: साचा कोणता, आवृत्ति कोणती, फाइली चकतीवरील कोणत्या फोल्डरांत, नोंदवहीचा कंटेनर कोणता. हें पान म्हणजे पाककृति होय. पान व माल असला कीं यंत्र जळालें तरी दुसऱ्या यंत्रावर तासाभरांत कोठी उभी राहते. आवृत्तीच्या जागीं 'लेटेस्ट', म्हणजे जी नवी असेल ती, असें लिहिण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो टाळावा. नेक्स्टक्लाउड एका मोठ्या आवृत्तीवरून लगतच्या पुढच्या आवृत्तीवरच नेतां येतें. मधली पायरी गाळून उडी मारूं देत नाहीं. वर्षभर हात न लावतां एकदम 'लेटेस्ट' मागितलें तर कोठी दार उघडावयास नकार देते. आणि एक क्षुल्लक गोष्ट, जिनें आमचा एक अख्खा रविवार खाल्ला: बाहेरचें फोल्डर कोणाच्या मालकीचें, हें कंटेनर नांवानें नव्हे तर आंकड्यानें ओळखतो. ठराविक साच्यांत तो आंकडा 33 आहे. मालकी निराळ्या आंकड्याची असली कीं समोर ठेवलेला मालही त्यास घेतां येत नाहीं.

नोंदवहीचें प्रकरण यापेक्षां महत्त्वाचें आहे. कोठींत फाइली असतात तशी कोणती फाइल कोणाची, कोणास दाखविली, केव्हां बदलली याची एक वहीही असते. आमच्याकडे ती मारियाडीबी या प्रोग्रॅमकडे, निराळ्या कंटेनरमध्यें आहे. कारकून लिहीत असतां त्याच्या हाताखालच्या वहीची नक्कल करूं गेलें तर अर्धें पान जुनें व अर्धें नवें येणार. तशी चालू नोंदवहीची नुसती फाइल उचलून उपयोग नाहीं. आधीं कोठीचा व्यवहार क्षणभर थांबवावयाचा, वहीचा शब्दशः उतारा काढावयाचा, आणि मग फाइली व उतारा दोन्ही एकत्र नकलेंत न्यावयाचे. हें काम यंत्र आपण होऊन रात्रीं दोन वाजतां करतें.

नक्कल कोठें ठेवावी? जाणत्यांचा नियम असा आहे कीं प्रती तीन असाव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. मोठ्या कोठारांनांही हा नियम चुकत नाहीं. 10 मार्च 1921 नव्हे, तर अगदीं अलीकडे, 10 मार्च 2021 रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें संगणकांचें एक मोठें कोठार आगींत भस्म झालें, आणि ज्यांची दुसरी प्रत नव्हती अशा कित्येकांचा सारा संग्रह एका रात्रींत गेला. आमची घराबाहेरची प्रत नाशिकास बंधूंच्या घरीं असते. 'रेस्टिक' नांवाचा प्रोग्रॅम ती कुलूपबंद करून रोज पाठवितो, आणि मागील तारखांच्या प्रतीही राखतो. म्हणजे आज चुकून पुसलेलें गेल्या आठवड्याच्या प्रतींतून काढतां येतें.

ही व्यवस्था झाल्यावर आम्ही पुन्हां निश्चिंत झालों होतों. पण वहिनींनीं एक साधा प्रश्न विचारला: 'पुण्याचें यंत्र नाहींच असें समजून मला येथें एक पत्र काढून दाखवा बघूं.' पुतण्यानें नाशिकास बसून प्रयत्न केला. प्रत होती, पूर्ण होती, पण तिच्या कुलपाचा परवलीचा शब्द लिहिला होता पुण्याच्या यंत्रावर! कोठीची किल्ली कोठींतच ठेवून बाहेरून कुलूप लावण्याचा हा प्रकार. पूर्वीं किल्ल्यांचा जुडगा घरच्या गृहिणीच्या कमरेला असे, त्यांत केवळ मानाचा भाग नव्हता. आतां तो परवलीचा शब्द, तें पाककृतीचें पान आणि 'काय केलें असतां कोठी उघडेल' याचीं वीस-बावीस मराठी वाक्यें कागदावर लिहून वहिनींच्या लोखंडी कपाटांत दागिन्यांच्या डब्याशेजारीं ठेवलीं आहेत. तशीच एक प्रत अक्काकडे आहे. पुतण्या उद्यां परगांवीं नोकरीस गेला, तरी त्याच्याविना काम अडूं नये, हा हेतु.

दूरच्या मंडळींस कोठी कशी दिसते, हें आतां दोन शब्दांत. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारें 429 कोटीच आहेत, आणि त्यांची मुख्य शिल्लक 2011 च्या फेब्रुवारींतच वांटून संपली. म्हणून कित्येक ठिकाणीं अनेक घरांस मिळून एकच पत्ता दिला जातो. बाहेरून कोणी आलें तर कोणत्या दारावर थाप मारावी, हेंच कळत नाहीं. नाशिकास थोडे जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता मिळाला. तेथून 'वायरगार्ड'चा बंदिस्त बोगदा पुण्यापर्यंत काढला आहे, आणि घरच्याच माणसांच्या उपकरणांस त्या बोगद्याची किल्ली दिली आहे. सर्व जगास दार उघडें ठेवून वर पासवर्डाची कडी लावण्यापेक्षां दारच रस्त्यावर नसावें, हें आम्हांस बरें वाटतें.

विजेचा हिशेब पुष्कळजण विचारतात. आमचें यंत्र सुमारें 35 वॅट ओढतें. महिन्यास 25 युनिटें धरावीं. त्यांत चकत्यांची किंमत व आपला वेळ मिळविला तर भाड्याची जागा स्वस्त पडेल. काटकसरीसाठीं कोणी या वाटेस जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्या घरांत मेहनत घेणारें एकच माणूस आहे आणि दुसरें कोणी शिकावयास तयार नाहीं, त्यांनींही जाऊं नये. तेथें मोठ्या कंपनीचें कोठार अधिक सुरक्षित, कारण तेथें रात्रंदिवस माणसें पहाऱ्यास असतात.

एक गोष्ट मात्र आम्हांस आधीं सुचलीच नव्हती. नवी कोठी सुरू झाल्यावर प्रत्येकास निराळा कप्पा दिला. सूनबाईनें कांहीं दिवस आपला कप्पा रिकामाच ठेवला, आणि मग एके दिवशीं संकोचानें विचारलें, 'मामंजी, माझ्या कप्प्यांतलें तुम्हांला आणि भावोजींना पाहतां येतें का?' खरें उत्तर 'होय' असें होतें. यंत्र ज्याच्या हातीं, त्यास सर्व कप्पे उघडतां येतात. कोठी स्वतः जें कुलूप लावते त्याची किल्लीही साधारणतः त्याच यंत्रावर असते. परक्या कंपनीपासून आपलें खासगी राखावें म्हणून आपण घरांत कोठी आणतों, आणि घरांतल्या घरांत कोणाचें खासगी उरतच नाहीं, ही गोष्ट आम्हां पुरुषमंडळींच्या ध्यानीं आली नाहीं यांत नवल नाहीं. आम्हीं तिला खरें तेंच सांगितलें. जें आपल्यापुरतें ठेवावयाचें असेल तें आपल्याच संगणकावर आपल्या परवलीनें कुलूपबंद करून मगच कोठींत पाठवावें, म्हणजे व्यवस्थापकासही उघडतां येणार नाहीं, ही रीत पुतण्यानें तिला शिकविली. तिनें ती वहिनींस व अक्कास शिकविली. तिच्या कप्प्यांत आतां कांहींतरी असतें. काय, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं नाशिकच्या प्रतीवरून एखादी वस्तु काढून पाहण्याचा आमचा परिपाठ आहे. कोणती काढावयाची, हें घरांतल्या कोणीतरी ऐन वेळीं सांगावयाचें. मागच्या वेळीं अक्काची पाळी होती. तिनें उरलेल्या तीनांपैकीं दुसरें ध्वनिमुद्रण मागितलें. वहिनींनीं कपाटांतला कागद काढून, कोणास कांहीं न विचारतां, तें काढलें व फोनवरून सर्वांस ऐकविलें. मातोश्री ओवी म्हणतां म्हणतां थांबतात, कारण स्वयंपाकघरांतून कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, आणि 'भात झाला का गं?' असें त्या विचारतात. तेवढा आवाज काढून मुद्रण स्वच्छ करतां येईल, असें पुतण्या म्हणाला. अक्का म्हणाली, 'हात लावूं नकोस.'